सिंह, कोकरू आणि सांजांवची रात्र

परवा आमच्याकडे गोव्यात सांजांव झालं, म्हणजे संत योहानाचा सण. सकाळपासून धो धो पाऊस. त्यातच घुमट वाजवत पोरं घरोघर फिरली, वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, नव्या जावयाला धरून विहिरीपाशी नेलं, फणस फोडले, 'व्हिवा सांजांव'च्या आरोळ्या झाल्या. संध्याकाळी आमची थोरली तीन मैत्रिणींना घेऊन ओलीचिंब घरी आली. चौघींच्या डोक्यावर पानाफुलांचे कोपेल तसेच. रस्त्यावर पाणी साचलेलं, म्हणून त्यांच्या आयांना फोन करून सांगितलं, आज इथेच राहू देत. पेज आणि सुंगटांची किस्मूर खाऊन चौघींनी हॉलमध्ये चटया घातल्या आणि 'ट्वायलाइट' लावला.

हा सिनेमा २००८ चा. या चौघींपैकी एकीचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता. मला वाटायचं ती लाट कधीच ओसरली, पण रील्समधून तो नव्या मुलींपर्यंत पुन्हा पोचलाय. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेतलं फोर्क्स नावाचं सतत पाऊस पडणारं गाव, तिथे वडिलांकडे राहायला आलेली सतरा वर्षांची बेला, आणि तिच्या वर्गातला एडवर्ड. एडवर्ड दिसतो सतराचा, पण १९१८ पासून सतराच आहे. तो रक्तपिपासू आहे, व्हॅम्पायर. त्याचं कुटुंब माणसांना मारत नाही, जनावरांच्या रक्तावर राहतं. बेलाच्या रक्ताचा वास त्याला वेडं करतो आणि त्याच मुलीवर त्याचा जीव जडतो.

मीही त्यांच्या शेजारी बसून पाहिला. अर्ध्यावर ते वाक्य आलं. जंगलात एडवर्ड तिला म्हणतो, सिंह कोकराच्या प्रेमात पडला. चौघींनी ते त्याच्याबरोबरच म्हटलं, पाठ असल्यासारखं. माझ्या अंगावर काटा आला. ज्याचा सण आम्ही दिवसभर साजरा केला, त्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेच तर येशूकडे पाहून म्हटलं होतं, हा पाहा देवाचा कोकरा. माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट, मराठीत प्रार्थना करणारं. सासर गोव्यातल्या बार्देशातलं, कॅथलिक, कोंकणीत तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणणारं. दोन्ही घरांत मी या कोकराबद्दल लहानथोरांच्या तोंडून ऐकत आलेय. आणि इथे माझ्या मुलीला कोकरू म्हणजे बेला, एवढंच माहीत.

तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते लिहिते.

आधी एक सांगते. हा सिनेमा सैतानाचा आहे, बघाल तर पाप लागेल, असं मी म्हणणार नाही. काही वर्षांपूर्वी मुलांच्या एका शिबिरात एका वक्त्याने असंच सांगितलं होतं. मुली माना खाली घालून बसल्या आणि नंतर कुणीच त्या विषयावर मोठ्यांशी बोललं नाही. एक दार बंद झालं, बाकी काही झालं नाही. शिवाय ते खरंही नाही. या गोष्टीत चांगलं आहे, आणि ते ख्रिस्ती माणसाला लगेच ओळखू येतं. एडवर्डला भूक आहे आणि तो ती रोज आवरतो. त्याला वाढवणारा डॉक्टर कार्लाइल मूळ कादंबरीत एका अँग्लिकन पाळकाचा मुलगा आहे. स्वतःची तहान मारून तो माणसांचे जीव वाचवत राहतो. तिसऱ्या भागात एडवर्ड लग्नाआधी शरीरसंबंध नको म्हणतो. लेखिका स्टेफनी मायर मॉर्मन पंथातल्या आहेत, त्या वळणाची छाप गोष्टीवर दिसते. वासना ही माणसाची मालकीण नाही, तिला नाही म्हणता येतं, हे आजच्या किती सिनेमांत मुलांना कोणी सांगतं? त्यासाठी मी या सिनेमाचे आभारच मानेन.

पण आई म्हणून दोन जागी मला बसवेना. एक, तो रात्री तिच्या खोलीत शिरून तिला झोपलेली पाहत बसतो. तिला न सांगता, आणि एकदाच नाही, कित्येक रात्री. सिनेमात हे प्रेम म्हणून येतं. मुलींनो, ज्याला तुमच्या दारावर टकटक करावीशी वाटत नाही, तो कितीही देखणा असो, त्याला घरात घेऊ नका. दुसरं, तो तिला म्हणतो, तू माझ्यासाठी हेरॉइनसारखी आहेस. हॉलमध्ये हसू उमटलं. आम्ही बार्देशातली माणसं. किनारपट्टीवरच्या ज्या घरांत हा शब्द शिरला, त्या घरांत पुढे काय झालं हे आमच्या पिढीने पाहिलंय. ज्याला नशेची तलफ येते त्याच्यावर तिचं प्रेम नसतं, ती त्याला संपवते. त्याच शब्दाने प्रेमाचं कौतुक झालेलं मला ऐकवलं नाही.

तरी माझं खरं दुखणं रक्ताशी आहे.

पवित्र शास्त्रात लेवीयाच्या सतराव्या अध्यायात म्हटलंय की शरीराचं जीवन रक्तात असतं, म्हणून इस्राएल लोकांना रक्त खायची मनाई होती. जीव देवाचा, तो आपण प्यायचा नाही. व्हॅम्पायर नेमकं तेच करतो. दुसऱ्याचा जीव पितो आणि त्यावर स्वतः न मरता जगतो. आता योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढून वाचा. तिथे येशू म्हणतो, जो माझा देह खातो आणि माझं रक्त पितो त्याला सार्वकालिक जीवन आहे. ऐकणारे हादरले, त्याचे कितीतरी शिष्य त्या दिवशी त्याला सोडून गेले. आम्ही दर रविवारी वेदीपाशी जातो ते या वाक्याच्या भरवशावर. अमर जीवन, रक्त, पिणं, सगळे शब्द तेच, फक्त बाजू उलटी. व्हॅम्पायरच्या गोष्टीत जो बलवान आहे तो दुबळ्याचं रक्त पितो. वेदीपाशी जो बलवान आहे तोच आपलं रक्त दुबळ्यांना देतो.

म्हणून ते सिंहाचं वाक्य मला सोडत नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात, दर्शन पाहणाऱ्या योहानाला (हा बाप्तिस्मा करणारा नव्हे) स्वर्गातला एक वडील सांगतो, रडू नकोस, यहूदा वंशाचा सिंह जिंकलाय. योहान वळून पाहतो, तर समोर सिंह नसतोच. उभं असतं एक कोकरू, वध झाल्यासारखं. सिंह आणि कोकरू एकच. सिनेमातल्या कोकराला सिंह व्हायचंय. बेलाचा पहिल्या भागापासून हट्टच हा की मला तुझ्यासारखी कर. आमच्या शास्त्रातल्या सिंहाला मात्र कोकरू व्हायचं होतं. तो भुकेला राहिला, थकला, रडला, मेला. कुणालाही त्याने माणूसपण सोडून माझ्याकडे ये म्हटलं नाही, आपणच माणूस होऊन आपल्याकडे आला. मुलीला प्रेम ओळखायला शिकवायचं तर मी इथूनच सुरुवात करेन.

माझ्या हिंदू मैत्रिणी हे वाचतील, त्यांच्यासाठी आपल्या मातीतली एक गोष्ट आठवते. मुंजा. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा, कायम त्याच वयाचा. २०२४ साली त्याच्यावर हिंदी सिनेमाही आला. एडवर्ड दुसरा कोण आहे? सतराव्या वर्षी अडकलेला, लग्न न झालेला, झोप नाही, म्हातारपण नाही, मरण नाही. पण आपल्या आज्यांनी मुंजाची गोष्ट सांगताना त्याचा हेवा कधी केला नाही. भीती सांगितली, आणि भीतीखाली कीव होती, की बिचाऱ्याला सुटका मिळू दे. न मरणं ही शिक्षा आहे, हे आपल्याकडे हिंदू आजीलाही ठाऊक होतं आणि ख्रिस्ती आजीलाही. पिंपळावर त्याच्या शेजारी जाऊन बसायला मिळावं, असं कुठल्या मुलीने मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. 'ट्वायलाइट'ने तीच शिक्षा बक्षीस म्हणून पुढे ठेवलीय.

एडवर्डला १९१८ च्या स्पॅनिश फ्लूत मरताना कार्लाइलने वाचवलं, म्हणजे व्हॅम्पायर केलं, अशी कथा आहे. ते ऐकून मला पणजी आठवली. त्याच साथीला आमच्याकडे मानमोडी म्हणायचे. भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझ्या पणजीने आठ दिवसांत दोन लेकरं पुरली. तिच्या दाराशी कोणी डॉक्टर कार्लाइल आला नाही. तिने काय केलं, तर दर इस्टरच्या पहाटे, अंधारातच, कंदील घेऊन ती त्या दोन मातीच्या उंचवट्यांपाशी जायची आणि भजन म्हणायची. आजी तिचा हात धरून जायची, तिनेच मला हे सांगितलं. पणजीचा विश्वास होता की ही लेकरं उठणार आहेत. मरण चुकवून नव्हे, मरणातून जाऊन. पुनरुत्थान आणि अमरपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लिहितावाचता न येणाऱ्या माझ्या पणजीला हा फरक कळला होता.

आणि उठलेलं शरीर कसं असतं? सिनेमातली शरीरं संगमरवरी आहेत, एक ओरखडा नाही, उन्हात हिऱ्यासारखी चमकतात. येशू उठला तेव्हा थोमाने त्याच्या हातातल्या खिळ्यांच्या खुणा पाहिल्या, कुशीतली जखम पाहिली. मरण जिंकलेल्या देहावर व्रण तसेच होते. २०२४ च्या नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिवाचं, प्रदर्शन होतं तेव्हा आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो होतो. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. पावणेपाचशे वर्षांचं ते वाळलेलं शरीर, उजवा हात १६१४ मध्येच रोमला गेलेला. त्यात चमकण्यासारखं काही नाही. लोक तासन् तास ताटकळतात ते एका झिजलेल्या माणसासाठी, ज्याने स्वतःला चालून चालून झिजवलं.

दुसऱ्या भागात, २००९ च्या 'न्यू मून'मध्ये, सुरुवातीलाच बेलाला अठराव्या वाढदिवसाचं स्वप्न पडतं आणि त्यात तिला आपण म्हातारी झालेली दिसते. ती घाबरून उठते. मुलींनी त्याच रात्री हाही लावला. तो प्रसंग आला तेव्हा आमची मांय, म्हणजे माझ्या सासूबाई, आतल्या दारात उभ्या होत्या. वय ८१, गुडघे गेलेले, हात शेतात राबून काळे पडलेले. पडद्यावरची मुलगी सुरकुत्यांना भुतासारखी घाबरत होती आणि मांय माझ्या समोर होती. सांगता येत नाही कसं वाटलं ते. पहिल्या भागाच्या शेवटी बेला म्हणते, मी क्षणाक्षणाला मरतेच आहे, म्हातारी होतेय. एडवर्ड म्हणतो, तसंच असायला हवं. साऱ्या सिनेमात मला पटलेलं वाक्य हेच, आणि ते त्या बिचाऱ्याच्या तोंडी आहे.

याच भागात एडवर्ड तिला सोडून जातो, महिनोन् महिने ती खुर्चीत बसून राहते, आणि मग कड्यावरून समुद्रात उडी मारते. जिवावर बेतलं की तो दिसतो म्हणून. मला ते पाहवेना. दोतोर्नला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, येणाऱ्या एका मुलीने मुलगा सोडून गेला म्हणून जेवण टाकलं होतं, तिच्या आईबरोबर मी तीन आठवडे रोज जाऊन बसत होते. मुलींना हे दृश्य काव्यासारखं वाटतं. मी त्या दिवशी दुपारीच उड्या पाहिल्या होत्या. सांजांवला विहिरीत उडी मारतात ती अलिशिबेच्या पोटातल्या बाळाची आठवण म्हणून. मरिया दारात आली, तिच्या पोटात प्रभू होता, आणि योहान आईच्या उदरात उसळला. ती उडी कोणीतरी आल्याच्या आनंदाची. आणि आमच्याकडे विहिरीच्या काठावर सगळा वाडा उभा असतो, दोर धरून, एक वर आला की दुसरा. बेला कड्यावर एकटी आहे.

हे सगळं मी मुलींना त्याच रात्री सांगितलं असं नाही. निम्मं आज लिहिताना सुचतंय. सिनेमा संपल्यावर एवढंच म्हटलं की सिंहाच्या वाक्याबद्दल मला उद्या बोलायचंय. त्यावर चौघींतली सगळ्यात गप्प असलेली, जिच्याकडून मी अपेक्षाच केली नव्हती, तिने विचारलं, "आंटी, पण एडवर्डचं काय? तो म्हणतो त्याला आत्माच उरला नाही. मग त्याला स्वर्ग मिळेल?"

मला उत्तर सुचेना. तो खोटा आहे, गोष्टीतला आहे, असं म्हणून सुटता आलं असतं, पण ती त्याच्याबद्दल विचारत नव्हती असं मला वाटलं.

मांयला सिनेमातलं काही कळलं नव्हतं. तिने विचारलं, कोण हा? थोरलीने कोंकणीत सांगितलं, एक मुलगा आहे, त्याला मरता येत नाही आणि त्याला वाटतं देवाला तो नकोय. मांय खुर्चीत बसली, हातातली तेर्साची माळ उलगडली. आमच्याकडे तेर्सानंतर पुर्गादोरातल्या, म्हणजे स्वर्गाआधी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यांसाठी एक नमान मोरी, म्हणजे मरियेची प्रार्थना, म्हणायची रीत आहे. ज्यांच्यासाठी कोणीच मागत नाही, त्यांच्यासाठी. मांय म्हणाली, "ताचे खातीर मागूंया मगो."

दिवे मालवले होते, बाहेर पाऊस होता, आणि चौघी कोपेल बाजूला ठेवून गुडघ्यांवर आल्या.