आधी कोणी विचारलं?

माझा मावसभाऊ भारतात छतांवर सोलर पॅनेल बसवून देतो. मी जर्मनीत, त्याच धंद्यातल्या एका कंपनीत मार्केटिंगचं काम पाहते. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी त्याचा लांबलचक व्हॉइस मेसेज येतो. या वेळचा असा होता: एका मार्केटिंग एजन्सीने त्याला सांगितलं, वेबसाइटचा जमाना गेला, सगळा पैसा रील आणि जाहिरातींत घाल. दुसरीने सांगितलं, रील म्हणजे नुसता टाइमपास, एसईओ कर, म्हणजे गूगलवर शोधणाऱ्याला तुझी वेबसाइट वर दिसेल असं बघ, वर्षभरात बसल्या जागी फोन वाजायला लागतील. दोघांनी आलेख दाखवले, दोघांचे आलेख वर जाणारे. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुमच्याकडे काय करतात ते सांग. मी तेच करतो."

या शेवटच्या वाक्याची मला धास्ती वाटते. बाहेर राहणाऱ्या माणसाला असं विचारलं की त्याच्या अंगात उपदेशक संचारतो, आणि मीही त्याला अपवाद नाही. पण 'आमच्याकडे' जे करतात, त्यातलं बरंचसं शहाणपणातून आलेलं नाही, कायद्याच्या धाकातून आलंय.

इथे नवीन असतानाची गोष्ट. आमच्या वेबसाइटवरून माहितीपत्रक उतरवून घेतलेल्या लोकांची यादी माझ्या हातात आली, नाव-नंबरांसकट. मी सवयीने म्हटलं, उद्यापासून फोन लावायला घेऊ. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोणाच्या घराचं कुलूप तोडायला निघाले होते. ग्राहकाने आधी स्पष्ट संमती दिल्याशिवाय त्याला जाहिरातीसाठी फोन करणं इथल्या अनुचित स्पर्धेच्या कायद्यात बसत नाही. पत्रक हवं होतं, याचा अर्थ फोन हवा होता असा होत नाही. ईमेलचंही तेच. फॉर्म भरल्यावर आधी एक पुष्टीचा मेल जातो, त्यातल्या दुव्यावर माणसाने स्वतः टिचकी मारली की मगच तो यादीत येतो. संमतीच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवायची, ही जुनी युक्तीही युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये मोडीत काढली. त्याच्या आदल्या वर्षी, जूनमध्ये, त्याच न्यायालयाने एका जर्मन प्रकरणात सांगितलं होतं की फेसबुकवर पान चालवणारा व्यवसायही तिथे गोळा होणाऱ्या माहितीला फेसबुकबरोबर जबाबदार आहे. जीडीपीआर, म्हणजे युरोपचा माहिती-संरक्षणाचा कायदा, लागू होऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. इथले छोटे व्यावसायिक तेव्हा जे बिचकले, त्यातले कित्येक अजून सावरलेले नाहीत.

अशा ठिकाणी माणूस काय करेल? वाट पाहायला शिकेल. ग्राहक आपणहून येईल अशी जागा तयार करेल. म्हणून आमच्याकडे सगळी मदार सर्चवर. ज्याला गरज आहे तो शोधतो, शोधणाऱ्याला आम्ही सापडतो, सापडल्यावर तो विचारतो. आधी त्याने विचारलं, हे महत्त्वाचं.

आता मावसभावाकडे पाहा. त्याच्याकडे आधी विचारतो तो हाच. रीलमधून, पैसे देऊन बूस्ट केलेल्या पोस्टमधून, व्हॉट्सअ‍ॅपवरून. लोकांच्या मनात सोलरचा विषयही नसताना हा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहतो. आणि ते चालतंही, हे इथल्या लोकांना पटवून सांगता सांगता माझ्या नाकीनऊ येतात. काम चालू असताना छतावरून काढलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ, त्यात वायरमन काय करतोय ते दिसतंय, घरमालक कोपऱ्यात हात बांधून उभा आहे. असा व्हिडिओ आमच्या कंपनीला करायचा झाला तर तीन बैठका होतील आणि शेवटी त्यात माणूसच उरणार नाही.

पण त्याच्या लीडची, म्हणजे जाहिरातीवरून नंबर देणाऱ्या लोकांची, यादी त्याने मला दाखवली तेव्हा दुसरी बाजू कळली. त्यातले बरेच लोक फोनवर पहिला प्रश्न विचारतात, "कुठला फॉर्म? मी कधी भरला?" ते खोटं बोलत नाहीत. फेसबुकने २०१५ मध्ये लीडच्या जाहिराती आणल्या, त्यांची गंमतच ही की नाव आणि फोन नंबर प्रोफाइलमधून आपोआप भरून येतात. दोनदा अंगठा टेकवला की झाला फॉर्म. इतक्या सहज दिलेला नंबर माणूस तितक्याच सहज विसरतो. त्याच फॉर्ममध्ये एक पर्याय असतो, ज्यात पाठवण्याआधी माणसाला भरलेली माहिती पुन्हा तपासून पक्की करावी लागते. तो निवडला की लीड कमी येतात. एजन्सीचा हिशोब प्रत्येक लीडमागे किती खर्च आला यावर, त्यामुळे हा पर्याय त्याला कोणी दाखवलाच नव्हता. शिवाय एक-दोन प्रश्न हाताने लिहायला लावले, छत स्वतःचं आहे का, महिन्याला किती युनिट लागतात, तर उगाच आलेले आपोआप गळतात. हे मी त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मग आकडा पडेल." पडेलच. पडू दे.

त्या दुसऱ्या एजन्सीवाल्याने त्याला एक उपमा दिली होती: जाहिरात म्हणजे टँकर, एसईओ म्हणजे विहीर. पैसे थांबले की टँकर थांबतो, विहीर मात्र आपली. मावसभावाला ती फार आवडली. मलाही आवडली असती, पण विहिरीचं पाणीही सगळं आपलं नसतं, शेजाऱ्याने खोल बोअर मारली की ते खाली जातं. गूगलने शोधाच्या निकालांवर एआयने लिहिलेलं उत्तर द्यायला सुरुवात केली. भारतात ते ऑगस्ट २०२४ मध्ये आलं, जर्मनीत मार्च २०२५ मध्ये. 'सोलर पॅनेल किती वर्षं टिकतं' अशा प्रश्नाचं उत्तर माणसाला तिथेच मिळतं, तो आत कशाला येईल? आमच्या वेबसाइटवरची अशी सर्वसाधारण माहितीची पानं, जी मी अभिमानाने लिहून घेतली होती, आता बरीचशी ओस पडली आहेत. टिकून राहिली ती वेगळी पानं: एका जुन्या कौलारू छतावर आम्ही काय केलं, पहिल्यांदा कुठे चुकलो, नंतर काय बदललं. स्वतः काम केलेल्या माणसालाच लिहिता येईल असा मजकूर. गूगलने डिसेंबर २०२२ मध्ये मजकूर पारखण्याच्या आपल्या निकषांत 'अनुभव' हा शब्द मुद्दाम घातला, तेव्हा मी त्याला फारशी किंमत दिली नव्हती.

आणि टँकर? तो तर दुसऱ्याच्याच मालकीचा. २९ जून २०२० ला भारताने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा कित्येकांचे वर्षानुवर्षं जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली. मावसभाऊ त्या रात्री मला साध्या एसएमएसने विचारत होता की तुमच्याकडे तरी चालू आहे का! त्याचे सगळे ग्राहक, सगळी बोलणी, अर्धवट ठरलेली कामं त्या एका हिरव्या चौकोनात होती. ती घटना मात्र त्याच्या चांगली लक्षात आहे, त्यामुळे ग्राहकांची यादी स्वतःच्या वहीत, निदान स्वतःच्या शीटमध्ये, ठेवायला तो तेव्हापासून शिकला.

मग पैसा कुठे घालायचा? भारतातल्या वादात हा प्रश्न नेहमी वाटणीसारखा मांडला जातो, साठ-चाळीस की सत्तर-तीस, दोन भावांत शेत वाटावं तसा. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो, कारण ही दोन शेतं नाहीतच. माणूस जूनमध्ये रील पाहतो. सप्टेंबरमध्ये वीजबिल पाहून वैतागतो, कंपनीचं नाव अर्धवट आठवून गूगलवर टाकतो आणि फोन करतो. श्रेय सर्चच्या खात्यात. दुसऱ्याला मेव्हण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा पाठवलेला असतो, तो आकडेवारीत 'थेट आलेला' म्हणून दिसतो. दोघेही कुठून आले हे कुठल्याही डॅशबोर्डला नीट कळत नाही. आम्ही शेवटी जुनाच उपाय केला: फोन घेणारी बाई विचारते, आमचं नाव कुठून कळलं? तिच्या वहीतली माहिती माझ्या महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा पुष्कळदा खरी निघते.

लाइक वाढले की गूगलवर क्रमांक वाढतो, असंही त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तसं होत नाही. गूगलचे तेव्हाचे अभियंते मॅट कट्स यांनी २०१४ मध्येच सांगितलं होतं की फेसबुक-ट्विटरवरच्या लाइक-फॉलोअर्सचा क्रमवारीत थेट विचार होत नाही. पण आडवळणाने फायदा होतो. रील चालली की लोक कंपनीच्या नावाने शोधायला लागतात, आणि नावाने शोधणारा माणूस 'जवळचा सोलरवाला' असं शोधणाऱ्यापेक्षा कितीतरी पक्का असतो. गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात हे फुकट दिसतं, कोणत्या शब्दांनी लोक तुमच्यापर्यंत आले ते. मावसभावाने ते कधी उघडलंच नव्हतं, पासवर्ड एजन्सीकडे होता. (हे ऐकून मी जे बोलले ते इथे लिहिता येत नाही.)

त्याला मी सांगितलं ते एवढंच. तुझ्या रीलखाली लोक प्रश्न विचारतात, त्यांना तू 'डीएम करा', म्हणजे खासगी मेसेज करा, म्हणून गप्प करतोस. ते प्रश्न गोळा कर. छत गळेल का, माकडं आली तर काय, वरचा मजला बांधायचा झाला तर पॅनेल काढता येतात का. एकेका प्रश्नावर वेबसाइटवर एक पान लिही, तुझ्याच भाषेत, तुझ्याच कामाच्या फोटोंसह. मग त्याच पानाचा पुन्हा एक व्हिडिओ कर. लोक काय विचारतात ते सोशल मीडियावर कळतं, उत्तर वर्षभराने शोधणाऱ्यालाही सापडेल अशी जागा वेबसाइट देते. सुरुवातीला रोख हातात यावी म्हणून जाहिरात लागणारच, एसईओला महिने लागतात आणि तोवर पगार द्यायचे असतात. पण जाहिरातीवरून माणूस ज्या पानावर येतो, ते पान रिकामं असेल तर दोन्हीचा पैसा वाया.

एवढं ज्ञान पाजळल्यावर त्याने मला एक प्रश्न विचारला. "तुमच्याकडे एन्क्वायरी आली की उत्तर किती वेळात देता?"

मी गप्प. आमच्याकडे चार दिवस लागतात. कधी सहा. फॉर्म आधी एका विभागात जातो, तिथून दुसऱ्या, मध्ये शनिवार-रविवार आला की सगळं सोमवारवर. २०११ मध्ये अमेरिकी कंपन्यांवर झालेला एक अभ्यास या धंद्यातल्या सगळ्यांना तोंडपाठ असतो: विचारणा आल्यापासून तासाभरात संपर्क करणाऱ्यांना त्या माणसाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता, त्यानंतरच्या तासात करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. तो अभ्यास मी स्वतः इथे सादरीकरणात दाखवलाय. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि फॉर्म पुन्हा चार दिवस पडून राहिले. मावसभाऊ दहा मिनिटांत उत्तर देतो. जेवताना, लग्नात, स्कूटर बाजूला घेऊन. आम्ही ज्याला वर्षभर सर्चमधून येऊ देण्यासाठी पैसे ओततो, तो दारात आल्यावर त्याला ओट्यावर बसवून ठेवतो. परवानगी काटेकोर घेतो आणि मग बोलतच नाही.

भारतातल्या चर्चेत हा मुद्दा मला फारसा दिसत नाही, आणि इथल्या चर्चेतही नाही. तिकडे लोक विचारायच्या आधी बोलतात, इकडे विचारल्यावरही बोलत नाहीत. वीस लीड सांभाळायला एकच माणूस असेल, तर रील की एसईओ यावर भांडण्यात काही अर्थ नाही. त्या पैशात फोन उचलायला आणखी एक माणूस ठेवावा.

संमतीचं भारतातही आता फार काळ टाळता येणार नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मावसभावाने माझं ऐकून फॉर्मवर एक चौकट घातली: 'मला फोन केलेला चालेल.' खूण आधीपासून केलेली नाही. पहिल्या आठवड्यात लीड निम्म्याहून कमी झाल्या आणि एजन्सीवाला चिडला. मावसभाऊही जरा नाराज होता, मला टोमणा मारून झाला. पण फोन केलेल्यांपैकी एकानेही "कुठला फॉर्म?" असं विचारलं नाही, हेही त्यानेच सांगितलं. चौकट ठेवायची की काढायची ते तो महिनाअखेर ठरवणार आहे.

मी इकडे साहेबांना विचारलं, आलेल्या चौकशीला त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देऊ या का? ते म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण आधी डेटा संरक्षण अधिकाऱ्याला विचारावं लागेल. मी मेल पाठवला आहे. आज पाचवा दिवस.