धरायचं कुठून?

नाशिकमध्ये ‘मी लेथवर (वस्तू फिरवत कातायच्या यंत्रावर) वाट्या काढतो’ असं सांगितलं आणि समोरचा सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला असला, की तो विचारतो, “एमएस की एसएस?” म्हणजे साधं पोलाद की स्टेनलेस. ‘द्राक्षाच्या खोडाच्या’ म्हटलं की तो पावसापाण्याचं बोलू लागतो. त्याचंही बरोबर आहे. त्याच्याकडे हत्यार टूल पोस्टमध्ये कसलेलं असतं, जॉब, म्हणजे कातायची वस्तू, मुळात गोल असतो आणि टॉलरन्स (मापात किती चूक खपेल ते) ड्रॉइंगवर लिहिलेला असतो. इथे हत्यार हातात, जॉब वाकडा, आणि टॉलरन्स काय तो घरच्यांचा.

लोकांना वाटतं, कोरणं अवघड. कोरणं काहीच नाही. अवघड आहे ते धरणं. सागाचा ठोकळा असला तर तळाला ५० मिमी व्यासाची, ५-६ मिमी उंच खुंटी काढायची, लेथच्या चार जबड्यांच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, आवळायची आणि कामाला लागायचं. पण करवंटी, सुपारी, वेलीचं खोड यांना आपण कधी काळी कुणाच्या चकमध्ये जाऊ हे ठाऊकच नसतं. त्यांची वाढ त्या बेताने झालेली नसते.

द्राक्षाचं घ्या. निफाड, दिंडोरीकडे जुनी बाग काढली की खोडं बांधावर ढीग करून पडतात आणि चुलीत जातात. मागितली तर शेतकरी फुकट देतो, वर कीव करतो ती वेगळी. घरी आणल्यावर तारेच्या ब्रशने सालीच्या चिंध्या काढाव्यात आणि खोडावरून लोहचुंबक फिरवावा. मांडवाला बांधलेली तार वेल वर्षानुवर्षं पोटात घेत जाते. ती वर दिसत नाही, गोल पटाशीची धार गेल्यावरच दिसते. डॉगरिज जातीच्या मुळावर कलम केलेल्या वेलीचा सांध्याजवळचा फुगीर भाग जपून ठेवावा, तिथे रेषा सुंदर वळतात. आणि तिथेच हत्यार अडकतं.

हे लाकूड वाळवून मग कातायचं असा शहाणपणा करू नये. एप्रिलच्या उन्हात अख्खं खोड ठेवलं तर ते गाभ्यापासून सालीपर्यंत तडकतं. ओलं असतानाच १० सेंमीच्या वाटीची भिंत १०-१२ मिमी जाड ठेवून कच्ची वाटी काढावी, तिच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत बांधावी आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करावं. वजन उतरायचं थांबलं की वाटी वाळली. एव्हाना ती लंबगोल झालेली असते, म्हणून खुंटी सुरुवातीलाच थोडी जाड ठेवायची, ती पुन्हा गोल करता येते. वेगाचा हिशेब सरळ आहे: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, उत्तर ६००० ते ९००० मध्ये यावं. चार इंचाला १५०० ते २२५०. पण हे जॉब गोल झाल्यावरचं. तोवर ५००-६०० च्या वर गेलात तर लेथ टेबलासकट चालू लागतो.

करवंटीची तऱ्हा निराळी. देवळात फोडलेल्या नारळाची चालत नाही, तो त्याला वाटेल तिथे फुटतो. हॅकसॉने मधोमध कापलेला नारळ लागतो, आणि घरात वडीलधारं कुणी असलं तर ‘नारळ फोडतात, कापत नाहीत’ हे आधी ऐकून घ्यावं लागतं. करवंटी जेमतेम ३-४ मिमी जाड, वर तिला तीन उंचवटे. बाहेरून पूर्ण गोल करायला गेलात तर एका बाजूला भोक पडणार, म्हणून बाहेरून नुसता पॉलिश पेपर. धरायला लाकडाचा ठोकळा कातून त्यात खोलगट बैठक करायची आणि डोळ्यांची बाजू हॉट ग्लूने चिकटवायची. पेपर जोरात दाबला की करवंटी तापते, ग्लू मऊ पडतो आणि वाटी आपल्या निर्णयाने निघून जाते. तोंडावर शील्ड लावायचीच. मास्कही. तो काळा भुसा नाकात गेला की रात्रभर रुमाल काळा होतो.

सुपारी त्या मानाने गुणी. कापल्यावर आत तपकिरी-पांढरी संगमरवरी नक्षी निघते, जायफळासारखी. तळ ८० नंबरच्या पेपरवर घासून सपाट करायचा आणि फेविक्विकने लाकडी दांडीवर बसवायचा. सांडलेला गोंद सुती फडक्याने पुसू नये. सुतावर तो तापतो, धूरही काढतो. ३-४ मिमीच्या एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिटला धार लावून हलक्या हाताने कोरावं, गाभ्यात पोकळी असली तर तिथेच थांबावं. पूजेतली सुपारी मात्र घेऊ नये. गणपती म्हणून मांडलेला जॉब चकमध्ये आवळायला माझा तरी हात होत नाही.

मक्याच्या दाणे काढलेल्या कणसाबद्दल एवढंच, की मधला मऊ गाभा पातळ गोंद मुरवल्याशिवाय हत्याराला लागताच सुटून येतो, आणि गोंदाची किंमत मक्याहून जास्त पडते.

शेवटी तेल. शेंगदाण्याचं नको, खवट होतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चार भाग आणि मधमाशांचं मेण एक भाग, गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवून चोळावं. द्राक्षाच्या वाटीला याने चकाकी येते, पण आमटी काही राहत नाही. त्या लाकडातल्या रसवाहिन्या नुसत्या डोळ्यांना दिसतील इतक्या रुंद असतात, वाढलेली आमटी तळातून टेबलावर उतरते. त्या वाटीत बेदाणे ठेवावेत. ते घरचेच.