खुनी एकविसाव्या मिनिटाला सापडला, पुढचे दोन तास काय करू?

सव्वादोन तासांचा सिनेमा आणि खुनी कोण ते आईने एकविसाव्या मिनिटाला सांगितलं. आई बहात्तर वर्षांची. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच महिन्यात झालंय, निम्मं लक्ष डोक्यावरच्या एसीकडे. तरी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तो मेहुणा बघ. एवढा मोठा नट घेतलाय आणि नुसता चहाचा ट्रे धरून उभा केलाय. त्यानेच मारलंय."

झालं! पुराव्यावरून नाही, मानधनावरून खुनी सापडला. आणि तोच निघाला.

सिनेमाचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला. पण ज्याने कोणी ट्रेलरमध्ये 'श्वास रोखून बघा' असं लिहिलंय ना, त्याला माझ्या शेजारच्या खुर्चीवर आणून बसवायला हवं होतं. तिथला माणूस घोरत होता.

इन्स्पेक्टर अर्थातच बायकोपासून वेगळा राहणारा, अर्थातच ड्रॉवरमध्ये क्वार्टर. भिंतीवर फोटो, फोटोंना लाल दोरे. पाऊस तर असा की खून फक्त जुलैतच होतात की काय! आणि मेलेल्या माणसाचा शेवटचा फोन कोणाला गेला होता, हे या हुशार माणसाला चौथ्या दिवशी सुचतं. अरे, आमच्या सोसायटीत सायकल चोरीला गेली तर वॉचमनसुद्धा आधी सीसीटीव्ही बघतो! इथे कॉल रेकॉर्ड काढायला चार दिवस, कारण पहिल्या दिवशी काढले असते तर सिनेमा चाळीस मिनिटांत संपला असता. वर हा गृहस्थ दरडावतो, "तीनशे दोन लावीन!" गोष्ट घडते २०२५ मध्ये. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम आता १०३ आहे. लेखकाने एकदा पेपर तरी उघडायचा.

आणि ते म्युझिक. नायिका रात्री फ्रिज उघडते. व्हायोलिन सुरू. ती बाटली काढते, व्हायोलिन वर चढतं. दार बंद करते आणि ढॅण्ण! मागे नवरा. "पाणी दे गं." हे चार वेळा. मी मोजलंय. चौथ्या वेळी नवरा नव्हता, मांजर होतं.

यांना वाटतं की प्रेक्षकापासून गोष्ट लपवली की रहस्य तयार होतं. रहस्यपटांचा बादशहा हिचकॉकने १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला अगदी पोरालाही कळेल असं समजावून सांगितलं होतं: टेबलाखाली बॉम्ब आहे आणि प्रेक्षकाला माहीत नाही, तर स्फोट झाल्यावर पंधरा सेकंद धक्का. प्रेक्षकाला माहीत आहे आणि टेबलाशी बसलेल्यांना नाही, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला. आमच्या दिग्दर्शकाने बॉम्ब ठेवला, कोणालाच सांगितलं नाही, फुटल्यावर मग निळसर फ्लॅशबॅकमध्ये तो कसा ठेवला ते दाखवलं. दोनदा! 'दृश्यम'मध्ये कोणी मारलं, का मारलं, सगळं आपल्या डोळ्यांदेखत होतं. तरी नायकाने पोलिसांसाठी रचलेल्या त्या २ आणि ३ ऑक्टोबरच्या हिशेबात आपल्यालाच घाम फुटतो, कारण ते घर वाचावं असं मनापासून वाटत असतं. इथे कोण मेलं त्याचं नावही मला आठवत नाही. कोणी जगावं असं वाटलंच नाही, तर भीती कशाची वाटणार?

शेवट तर विचारूच नका. गोडाऊन, हातात पिस्तूल, आणि मेहुणा अकरा मिनिटं स्वतःचा गुन्हा समजावून सांगतोय. इन्स्पेक्टर शांतपणे ऐकतोय, जणू तोंडी परीक्षा घेतोय. सूड कशाचा, तर बहिणीचा. ही बहीण मध्यंतरापर्यंत सिनेमात अस्तित्वातच नव्हती! ना फोटो, ना उल्लेख. आई लहानपणी बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं शाळेच्या पुस्तकात लपवून वाचायची. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या एकीतही असं आभाळातून नातेवाईक पाडलं असतं तर आईने पुस्तक लायब्ररीवाल्याच्या तोंडावर मारलं असतं.

तीन तिकिटं, पार्किंग आणि बायकोने हट्टाने घेतलेलं पॉपकॉर्न धरून हजाराच्या वर गेले. येताना गाडीत कोणी बोलेना. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आई म्हणाली, "अरे, पण त्या कुत्र्याचं काय झालं?"

पहिल्याच सीनमध्ये एक कुत्रं प्रेताशी बसून भुंकत होतं. नंतर दिसलंच नाही.

"झोप तू," म्हटलं.