आत्याच्या डिशवरचं ओलं गोणपाट

परवा कराडहून आत्याचा फोन. "अरे, डिशला ओलं गोणपाट गुंडाळून टाकलंय. किरणं थांबली बघ, टीव्हीच गेला!" सुनेला सातवा महिना लागलाय आणि आत्याच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'एचडी चॅनल म्हणजे उपग्रहातून दुप्पट किरणे. डिश ती ओढून घेते व घरभर सोडते. गरोदर स्त्रियांना धोका. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगकारक जाहीर केले आहे. पावसात कंपनी मुद्दाम चॅनल बंद करते. डिशमधून तुमच्यावर नजर असते.' खाली जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'.

कसलं डोंबलाचं जनहित!

डिश किरणं 'ओढत' नाही. ती पत्र्याची वाटी आहे. तिच्यावर जेवढं पडतं तेवढं ती समोरच्या एलएनबीवर, म्हणजे दांड्यावरच्या छोट्या रिसीव्हरवर, गोळा करते, तिथून केबलनं सेट-टॉप बॉक्सकडे. घरभर सोडायला तिच्यात प्रक्षेपक आहेच कुठे? आणि पडतं तरी किती? जीसॅट-२४ घ्या. जून २०२२ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून आरियान-५ रॉकेटनं गेला, डीटीएचसाठी २४ केयू-बँड ट्रान्सपाँडर घेऊन. केयू-बँड म्हणजे डीटीएचच्या लहरींचा पट्टा, ट्रान्सपाँडर म्हणजे जमिनीवरून आलेला सिग्नल परत खाली पाठवणारं यंत्र. असले उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात आणि त्यांचा सिग्नल अख्ख्या देशावर पसरतो. एका वॅटचे लाख कोटी भाग करा. एका ट्रान्सपाँडरकडून गच्चीवरच्या दोन फुटी डिशला त्यातले दोन-चार भाग मिळतात. तेवढ्यावर मालिका दिसते हेच नवल आहे.

आणि हा सिग्नल डिश नसलेल्या घरांवरही पडतोच. शेतावर पडतो, कृष्णेच्या घाटावर पडतो, अंगणात धान्य निवडणाऱ्या सुनेवरही पडतो. गोणपाटात डिश आहे, सून नाही.

एचडीची 'दुप्पट किरणे' तर विनोदच. जुन्या चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके, एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे पाचपट. पण ठिपके म्हणजे माहिती. एचडी चॅनल ट्रान्सपाँडरमधली जागा जास्त खातो, म्हणून एका ट्रान्सपाँडरवर असे चॅनल कमी मावतात. ट्रान्सपाँडरची ताकद त्यानं वाढत नाही.

आता आरोग्य संघटनेचं. नाइलाजानं कबूल करतो, इथं अर्धं खरं आहे. संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ लहरींना (डिशचा सिग्नलही त्यातलाच) '२-ब' गटात टाकलं. अर्थ: 'कदाचित कर्करोगकारक', पुरावा तोकडा. तोही मुख्यतः कानाला लावायच्या मोबाइलवरून. त्याच २-ब गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. कोरफडीच्या कुंडीला गोणपाट गुंडाळा म्हणून मेसेज अजून आलेला नाही. आणि ज्या मोबाइलवरून डिशच्या नावानं घाबरवताय, तो रात्री उशाखाली असतो, त्याचं काय?

पावसात चॅनल जातात हे खरंच. केयू-बँडची लहर जेमतेम अडीच सेंटीमीटरची, जोराच्या पावसाचे थेंब ती शोषतात आणि विखुरतात. कंपनीनं कुठलंही बटण दाबायची गरज नाही. आत्याचं ओलं गोणपाटही तेच करत होतं, म्हणून टीव्ही गेला.

नजर ठेवण्याचं म्हणाल तर डिश ऐकते, बोलत नाही. बॉक्सला वायफाय जोडला असेल तर तुम्ही काय बघता ते कंपनीला कळू शकतं, पण ते इंटरनेटवरून. डिशचा त्यात हात नाही.

हे सगळं आत्याला फोनवर सांगितलं. तिला फक्त कोरफडीचं पटलं. काल गोणपाट सोडलं, पण बांधताना डिश हललेली, स्क्रीनवर 'सिग्नल नाही'. डिश जुळवायला माणूस सोमवारी येणार, येण्याचे पैसे वेगळे. तोवर मालिका सुनेच्या मोबाइलवर.