बंगल्याचं हॉस्पिटल

बायकोने परत एकदा ‘डाउनटन ॲबी’ ही ब्रिटिश मालिका पहिल्यापासून लावली आहे. दुसऱ्या सीझनमध्ये त्या आलिशान घरात जखमी सैनिक येऊन राहतात. मी म्हटलं, "अगं, हे त्या घरात खरंच घडलंय." "गप बसून बघ," असं उत्तर आलं. म्हणून आता तुम्हाला सांगतो.

मालिकेतलं घर म्हणजे इंग्लंडमधल्या हॅम्पशरचं हायक्लेअर कॅसल. नावात कॅसल असलं तरी किल्लाबिल्ला नाही, कार्नार्व्हन घराण्याचं गावाकडचं घर. घराण्याचा तेव्हाचा प्रमुख पाचवा अर्ल, म्हणजे सरदार. (इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्याच्या शोधाला पैसा पुरवणारा तोच.) त्याची बायको अल्मिना. १९१४ च्या सप्टेंबरात, युद्ध सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा तिने राहत्या घरात हॉस्पिटल उघडलं. मालिकेत घरचे कुरकुरतात. इथे बाईंचीच हौस. पैसा बँकर आल्फ्रेड रॉथशिल्डचा. हाच तिचा खरा बाप, अशी कुजबुज आधीपासून होतीच.

अरुंडेल नावाच्या बेडरूमचं ऑपरेशन थिएटर झालं. लायब्ररीत बरे होत आलेले जवान बसायचे. उशा पिसांच्या, चादरी लिननच्या. नर्सेसचे गणवेशसुद्धा स्ट्रॉबेरी कुस्करल्यासारख्या गुलाबी रंगाचे! यात मिरवणं होतंच, मी नाही म्हणत नाही. पण चिखलाच्या खंदकातून आलेल्या पोराला घरी आलेल्या पाहुण्यासारखं ठेवायचं, हे तिला नेमकं कळलं होतं. फुकटात, वर.

आमच्याकडे बंगल्यांची हॉस्पिटलं काय कमी आहेत? पोर्चमध्ये ॲम्ब्युलन्स, हॉलमध्ये रिसेप्शन, आणि देवघराच्या कोनाड्यात फाइलींचा गठ्ठा. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा अशाच एका ठिकाणी नेलं होतं. ऑपरेशन थिएटर वरच्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. उभं करावं तर बाबा घसरणार, आडवं ठेवावं तर कठडा आड येणार. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी उचललं. प्रत्येक पायरीला त्यांच्या तोंडून ‘आई गं’ निघत होतं, आणि वरून आवाज आला, "चार नंबर आला का?" बाबा आयुष्यभर मास्तर होते. नंबर त्यांनी दिले होते, त्यांना कुणी दिला नव्हता. मला त्या जिन्याचा राग नाही आला. जुनं घर आहे, जिना अरुंदच असणार. त्या ‘चार नंबर’चा आला, तो अजून आहे.

घर हॉस्पिटलसाठी बांधलेलं नसतं हे अल्मिनालाही उमगलंच. १९१६ मध्ये तिने सगळा पसारा लंडनला, ब्रायन्स्टन स्क्वेअरमधल्या ४८ नंबरच्या घरात हलवला. तिथे एक्स-रे यंत्र होतं आणि, वाचून मी हसलोच, लिफ्ट होती.

नवरा १९२३ मध्ये कैरोत वारला. पुढे तिने लंडनमध्ये नर्सिंग होम काढलं, त्याला नाव दिलं आल्फ्रेड हाउस. खर्चाचा हात मात्र आखडला नाही तो नाहीच. रॉथशिल्डच्या पैशावर वाढलेली ही बाई १९५१ मध्ये चक्क दिवाळखोर ठरली. बायकोला हे सांगायला गेलो, तर तिचा पुढचा एपिसोड सुरू झाला होता.