युद्धकालीन चकली

आमच्या घरी दिवाळीत चकली फोडताना जो आवाज होतो, त्याला १९७१ चे युद्ध जबाबदार आहे. ते ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला संपले, अशी इतिहासात नोंद असली तरी माझ्या दाढांचा अनुभव वेगळा आहे.

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरात आली, तेव्हा फौजा सीमेकडे सरकत होत्या आणि आजोबा त्यांच्यात होते. नवऱ्याचा ठावठिकाणा म्हणून आजीपाशी फक्त 'मार्फत ५६ ए.पी.ओ.', म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक, एवढेच होते. त्या पत्त्यावर तिने फराळाचा डबा कापडात शिवून पाठवला. त्याची पोच देणारे पत्र दर दिवाळीला मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असते. "चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद. डबा पोचला. लाडवांचा भुगा झाला होता, तो चमच्याने खाल्ला. चकल्या मऊ पडल्या होत्या, तरी सर्व संपवल्या. भातकापणी झाली का?"

याला प्रेमपत्रच म्हणायचे, कारण याहून अधिक लिहिण्याची सोय नव्हती. तिकडे पलटणीतला अधिकारी पत्र वाचून ठिकाण, हालचाली असले काही आढळल्यास खोडून टाकी; इकडे पोस्टमनकडून ते थेट माझ्या पणजोबांच्या, म्हणजे तात्यांच्या, हाती जाई आणि ओसरीवर सर्वांसमक्ष वाचले जाई. दुसरा नाका अधिक कडक होता, असे माझे मत आहे. दोन्हींवरून संशयाविना पार होणारी वस्तू एकच, ती म्हणजे चकली. त्यातच १५ नोव्हेंबरपासून पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी पत्रांवर पाच पैशांचा जादा कर बसला, आणि सुरुवातीला कुटुंब नियोजनाच्या तिकिटांवरच तसा मजकूर छापून ती चालवण्यात आली. विरहात झुरणाऱ्या आजीला अशा रीतीने नवऱ्याच्या नावाशेजारी कुटुंब नियोजनाचा सल्ला चिकटवावा लागला, तोही पदरचे पैसे मोजून.

चकल्यांबद्दलचे वाक्य मात्र तिच्या जिव्हारी लागले. आजोबा सुखरूप परतले, यथावकाश निवृत्तही झाले, पण भाजणीत पुरेसे मोहन पुन्हा कधी पडले नाही. तिच्या सोऱ्यातून उतरलेली चकली आता सीमेपर्यंतच काय, काबूलपर्यंतही शाबूत पोचेल. प्रश्न एवढाच की ती तिकडे न जाता आमच्या ताटात येते. ताटात उरली की आजीचा चेहरा उतरतो, आणि संपवली की दंतवैद्याचा उजळतो.

यंदा आजोबा, ज्यांच्या कवळीचा या प्रकरणाशी सर्वांत निकटचा संबंध आहे, चकली चहात बुडवून ती पुरती लिबलिबीत झाल्यावर डोळे मिटून खाताना पकडले गेले. "मला पहिल्यापासून मऊच आवडते," त्यांनी शांतपणे जबाब दिला, "म्हणून तर सगळ्या संपवल्या होत्या."

"अहो, मग तेव्हाच तसं लिहायचं होतं!"

"कसं लिहिणार? ओसरीवर तात्या वाचत होते ना!"