दुसऱ्या ऑपरेशनआधी दुसरं मत : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार. माझ्या मावशीच्या मणक्याच्या ऑपरेशनवरचा लेख वाचून तुम्ही लिहिलंत की, अशा लेखांमुळे लोकांचा डॉक्टरांवरचा विश्वास उडतो, पेशंट दहा दवाखाने हिंडतात आणि उपचारांची वेळ निघून जाते. वेळेची तुमची काळजी मला पूर्ण पटते. लघवी अडली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लुळं पडू लागलं, तर दुसरं मत शोधत बसूच नये. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.

मावशीचं तसं काहीच नव्हतं. मणक्यांमधल्या गादीच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी पाय पुन्हा दुखू लागला आणि लगेच स्क्रू टाकून मणके जोडायचं ठरलं. का, तर "एमआरआयमध्ये दिसतंय ना!" अहो, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, ज्यांची कंबर दुखत नाही अशा पन्नाशीच्या लोकांतही ८० टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या होत्या.

दुसऱ्या सर्जननी फिल्म आधी बाजूला ठेवल्या. मावशीला टाचांवर चालवलं, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर ओढून धरायला लावला. ताकद शाबूत होती. पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढले, मणके सरकत नव्हते. मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं औषध, देऊन एमआरआय. कॉन्ट्रास्टने आधीच्या ऑपरेशनचा व्रण उजळतो, गादीचा निसटलेला तुकडा तसा उजळत नाही, हे तुम्हाला सांगायला नको; मावशीला मात्र ते पहिल्यांदाच कुणी समजावून सांगत होतं. तिथे व्रणच होता, आणि तो स्क्रूंनी जाणार नव्हता. आता व्यायाम आणि गोळ्या चालू आहेत. दुखणं कमी आहे, गेलेलं नाही. याच तपासण्यांतून ऑपरेशन हवं असं निघालं असतं, तर ती निर्धास्त मनाने टेबलावर गेली असती.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८च्या रुग्णहक्क सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क आहे. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. मावशीने फाइल मागितली तेव्हा काउंटरवरून प्रश्न आला, "का, दुसरीकडे जाताय?" ती बिचारी ओशाळून गप्प बसली. विश्वास उडाला तो तिथे, माझा लेख तर फार नंतरचा.

तुमच्याकडे कुणी फाइल मागायला आलं, तर एक विनंती आहे : ऑपरेशनची सविस्तर नोंदही सोबत द्या. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनबद्दल दोनच ओळी असतात, आणि पुढच्या सर्जनला नेमकी ती सविस्तर नोंदच हवी असते.